बनल्या किती, उरल्या किती?

फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात '२५० जीटीओ' नावाची शर्यतीची गाडी बनवली. एकूण ३६ गाड्या तयार झाल्या. त्या युरोप-अमेरिकेतल्या शर्यतींत धावल्या, कठड्यांवर आपटल्या, हातोहात विकल्या गेल्या. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. आता त्यांतल्या किती शिल्लक असतील? जाणकार जे उत्तर देतात ते ऐकून गणिताचे मास्तरही क्षणभर थांबतील. छत्तीसच्या छत्तीस.

त्याच कारखान्यातून १९६० ते १९६३ दरम्यान '२५० जीटीई' ही दुसरी फेरारी बाहेर पडत होती. ही चार माणसांची, बायको-मुलांना घेऊन फिरायला जावे अशी. हिच्या साडेनऊशेच्या आसपास गाड्या बनल्या. दोघींचे इंजिन एकाच घराण्यातले, तीन लिटरचे, बारा सिलिंडरचे. जीटीई शर्यतीत उतरत नसे, म्हणजे तिला धोका कमी. तरी तिच्यातल्या पुष्कळ गाड्या आज नाहीशा झालेल्या आहेत.

जी जपून वापरली ती गेली आणि जी जिवावर उदार होऊन पळवली ती राहिली, हे कसे? आमच्या वरच्या वर्गांतली मुले वह्यांच्या मागच्या पानांवर फेरारी, लॅम्बोर्गिनी काढत असतात आणि "सर, या गाड्या जुन्या झाल्यावर कुठे जातात?" असे विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही इथे मांडत आहोत.

आधी साधे गणित करू. चक्रवाढ व्याज तुम्ही शिकला आहात, तेच उलटे करायचे. समजा १०० गाड्या आहेत आणि दर वर्षी उरलेल्यांपैकी २ टक्के बाद होतात. पहिल्या वर्षी २ गेल्या, दुसऱ्या वर्षी ९८ च्या २ टक्के, असे करत गेलो तर ३५ व्या वर्षी ४९ उरतात. दर ५ टक्के धरला तर १४ व्या वर्षीच निम्म्याहून कमी राहतात आणि ३० वर्षांनी जेमतेम २१.

आता हे सूत्र एका खऱ्या गाडीला लावून पाहू. इंग्लंडच्या मॅकलॅरेन कंपनीची 'एफ-१' ही तीन आसनांची गाडी. ड्रायव्हर मधोमध बसतो, दोघे जण त्याच्या दोन बाजूंना, थोडे मागे. १९९२ ते १९९८ दरम्यान, शर्यतीच्या आणि चाचणीच्या धरून, १०६ गाड्या बनल्या. वर्षाला २ टक्के घट धरली तर तीस वर्षांनी ५८ उरायला हव्यात. प्रत्यक्षात शंभराच्या आसपास आहेत. म्हणजे सूत्र चुकले. चूक गुणाकारात नाही, गृहीतकात आहे. दर वर्षी सारखीच घट होते असे आपण मानले होते. माणसांच्या बाबतीत विमा कंपन्या असे कधीच मानत नाहीत. कोणत्या वयात धोका किती, याचे त्यांच्याकडे वेगवेगळे आकडे असतात. गाड्यांनाही वय असते.

लहानपणचा धोका अपघाताचा. एफ-१ चेच पाहा. तिची पहिली चाचणीची गाडी १९९३ मध्ये आफ्रिकेतल्या नामिबियाच्या उन्हात तपासताना उलटून जळाली. चालवणारा सुखरूप राहिला, गाडी राहिली नाही. दुसरी कंपनीने स्वतःच भिंतीवर आपटून पाहिली, कारण सुरक्षेच्या परीक्षेसाठी तसे करावेच लागते. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधीच दोन वजा. नवी गाडी, अफाट ताकद आणि सवय नसलेला मालक, हे त्रिकूट पुढेही गाड्या खाते. काही गाड्यांच्या तर रचनेतच दोष असतो. १९६६ ते १९७३ दरम्यान सुमारे साडेसातशे बनलेली लॅम्बोर्गिनी मिउरा अनेकांच्या मते जगातली सर्वांत देखणी मोटार, आमच्याही मते. पण तिचे कार्बोरेटर असे बसवलेले की गाडी सिग्नलला नुसती उभी असली तरी कधी कधी पेट्रोल ओघळून तापलेल्या इंजिनावर पडे. कित्येक मिउरा अशा पेटल्या.

तरीही खरा घात होतो तो मध्यम वयात. हे वाचकांनी नीट लक्षात घ्यावे, कारण इथेच सगळी गोम आहे. गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की तिचे अप्रूप संपते. नवी, जास्त वेगवान गाडी बाजारात आलेली असते. किंमत घसरते. पण दुरुस्तीचा खर्च काही घसरत नाही. १९८४ पासून निघालेल्या फेरारी टेस्टारोसाचा टायमिंग बेल्ट बदलायचा तर सगळे इंजिन गाडीबाहेर काढावे लागते, आणि हे काम दर काही वर्षांनी करणे भाग असते. स्वस्तात मिळाली म्हणून तिसऱ्या-चौथ्या हाताने ती घेणारा माणूस पहिल्या मालकाएवढा श्रीमंत नसतो. गॅरेजचे बिल मात्र श्रीमंताचेच येते. मग तो बेल्ट पुढच्या वर्षावर ढकलतो. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, इंजिन जाते. आता इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त. विमा कंपनी असो वा मालक, दोघांचा हिशेब एकच असतो : दुरुस्ती किमतीपेक्षा महाग असेल तर गाडी मोडीत. त्यात सत्तरच्या दशकातल्या इटालियन गाड्यांचा पत्रा गंजायला उत्सुकच असे. फेरारी ३०८ च्या सुरुवातीच्या ७१२ गाड्यांचे अंग फायबर ग्लासचे होते, त्यांचे अंग अर्थातच गंजले नाही. पुढे कंपनी पोलादी पत्र्याकडे वळली आणि गंजाला चारा मिळाला.

मोडीत निघालेली भारी गाडी आपल्याकडच्या भंगारवाल्यासारखी किलोवर जात नाही. तिचे दिवे, चाके, गिअरबॉक्स, सीट सुटे सुटे विकले तर अख्ख्या गाडीपेक्षा जास्त पैसे येतात. म्हणजे तिला मारण्यातच फायदा असतो.

या मध्यम वयातून जीटीओसुद्धा सुटली नव्हती. तिची एक गोष्ट तर शाळेचीच आहे. मधल्या भागात इंजिन असलेल्या नव्या गाड्या आल्या आणि जीटीओ शर्यतीत मागे पडली. शर्यतीत न जिंकणारी, आवाज करणारी, आत धड अस्तरही नसलेली गाडी घ्यायची कोणी? इंग्लंडमध्ये धावलेली अशी एक जीटीओ अमेरिकेत टेक्सास राज्यात गेली आणि साठच्या दशकात मालकाने ती व्हिक्टोरिया या गावच्या हायस्कूलला देऊन टाकली. तिथे ती मोटार दुरुस्तीच्या वर्गात शिकण्याचे साधन म्हणून होती. आपल्याकडे आयटीआयमध्ये जुने इंजिन ठेवतात, तसे. १९७२ मध्ये शाळेने ती काही हजार डॉलरांत विकली. नव्या मालकाने ती ओहायो राज्यात एका ट्रेलरवर चढवून मोकळ्या रानात उभी केली आणि ती तिथे जवळपास पंधरा वर्षे ऊन, पाऊस, बर्फ खात राहिली. तिच्याच एका बहिणीला २०१८ च्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले, म्हणजे त्या वेळच्या दराने तीनशे कोटी रुपयांहून अधिक. त्या टेक्सासच्या मुलांनी तिचे नट-बोल्ट किती वेळा सोडून लावले असतील, याचा विचार करून आमच्या कार्यशाळेच्या सरांना अजून हळहळ वाटते. आम्हाला उलट वाटते की शाळेत होती म्हणूनच ती वाचली. तिथे तिला सुटे भाग काढून विकणारे कोणी भेटले नाही.

ही दरी पार केली की तिसरा टप्पा येतो. किंमत पुन्हा चढू लागते आणि एका मर्यादेपलीकडे गाडी जवळजवळ अमर होते. 'मिस्टर बीन' म्हणून तुम्ही ज्यांना ओळखता त्या रोवन ॲटकिन्सन यांच्याकडे मॅकलॅरेन एफ-१ होती. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या ओल्या रस्त्यावर ती घसरली, झाडावर आदळली आणि तिने पेट घेतला. ॲटकिन्सन यांच्या खांद्याला इजा झाली. दुसरी कोणतीही गाडी असती तर तिथेच संपली असती. पण एफ-१ ची बाजारातली किंमत तोवर इतकी वाढली होती की विमा कंपनीला ९ लाख १० हजार पौंड देऊन ती नीट करणेच परवडले. कामाला वर्षाहून अधिक काळ लागला. २०१५ मध्ये ती विकली गेली तेव्हा ८० लाख पौंडांचा आकडा बातम्यांत होता. अपघात तोच, गाडी तीच, पण तो तिच्या मध्यम वयात झाला असता तर उत्तर वेगळे आले असते.

आता जीटीईकडे परत येऊ. तिचे काय झाले? जीटीओचे भाव आकाशाला भिडले, पण जीटीओ तर छत्तीसच. ज्यांना ती मिळणे शक्य नव्हते त्यांना तिच्यासारखी दिसणारी गाडी हवी होती. जीटीईचा सांगाडा आणि इंजिन तिच्याच जातकुळीतले, आणि ती स्वस्त. मग कारागिरांनी जीटीईचे अंग उतरवले, सांगाडा कापून आखूड केला, वर ॲल्युमिनियमचा नवा पत्रा ठोकून जीटीओचा आकार दिला. अशा कितीतरी जीटीई नकली जीटीओ होऊन संपल्या. एकीची कीर्ती दुसरीच्या जिवावर उठली. त्या वेळी हे कोणाला गैर वाटले नाही. आता जीटीईलाही चांगली किंमत आली आहे, आणि काही जण ते आखूड केलेले सांगाडे पुन्हा लांब करून मूळ रूपात आणण्याच्या खटपटीत असतात!

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. सांगाडा लांब केला, पत्रा नवा, इंजिन दुसरीकडून आणले. ही गाडी जुनी म्हणायची की नवी? वाड्याचे खांब एका पिढीने बदलले, तुळया दुसऱ्या पिढीने, छप्पर तिसऱ्या पिढीने, तरी आपण 'पणजोबांचा वाडा'च म्हणतो. वाड्याला ते चालते, कारण त्याची जागा हलत नाही. गाडीला जागा कुठली? तिची ओळख म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला चॅसिस नंबर. बुगाटी कंपनीने १९३०च्या दशकात 'अटलांटिक' नावाच्या चार गाड्या बनवल्या. एक दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत बेपत्ता झाली, तिचा पत्ता आजवर नाही. तीन उरल्या असे आपण म्हणतो. पण त्या तिघींपैकी एकीला १९५५ मध्ये फ्रान्समध्ये रेल्वे फाटकावर आगगाडीने उडवले होते, आतली दोन्ही माणसे गेली, आणि गाडीचा चुराडा झाला. वाचलेल्या अवशेषांतून ती पुढे पुन्हा उभी केली गेली. उरलेल्या किती मोजायच्या, तीन की दोन? आम्ही तीन मोजू, पण तिसरीपुढे फुली मारून. अमेरिकेच्या शेल्बी कोब्राची तर तऱ्हाच न्यारी. साठच्या दशकात हजाराच्या आसपास बनल्या, आणि आज रस्त्यावर कोब्रा म्हणून फिरणाऱ्या गाड्या हजारोंनी आहेत, कारण तिच्या नकला बनवणे हा एक धंदाच झाला. टक्केवारी काढायला गेलो तर शंभराच्या कितीतरी पुढे जाईल. म्हणूनच हौशी मालकांच्या संघटना एकेका चॅसिस नंबरचा इतिहास लिहून ठेवतात, आणि फेरारी कंपनी २००६ पासून जुन्या गाड्या तपासून अस्सल असल्याचा दाखला देते.

टक्केवारीवरून आठवले. पोर्शे कंपनी सांगते की तिने आजवर बनवलेल्या गाड्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक अजून रस्त्यावर आहेत. दावा खोटा नसेल, पण तो वाचताना सावध राहावे. १९५०च्या दशकात ही कंपनी वर्षाला काही हजार गाड्या बनवत असे. अलीकडे वर्षाला तीन लाखांच्या घरात विकते. म्हणजे एकूण बेरजेत बहुतेक गाड्या तरुणच आहेत, आणि तरुण गाड्या जिवंत असणारच. एखाद्या शाळेचा पट गेल्या पंधरा वर्षांत दसपट झाला असेल तर तिचे बहुतेक माजी विद्यार्थी धडधाकट असतील, यात त्या शाळेच्या पाण्याचा गुण काही नाही. जगण्याचे खरे प्रमाण काढायचे तर एकाच सालातल्या गाड्या घेऊन त्यांचाच माग काढायला हवा.

'रस्त्यावर' हा शब्दही तपासून घ्यावा. ब्रिटनमध्ये १९९८ पासून नियम आहे की गाडी वापरायची नसेल तर मालकाने तसे सरकारला कळवायचे. त्याला तिथे 'सॉर्न' म्हणतात. त्यामुळे सरकारी आकड्यांत चालू गाड्या आणि झाकून ठेवलेल्या गाड्या वेगळ्या दिसतात, आणि कोणत्या मॉडेलच्या किती गाड्या कोणत्या रकान्यात आहेत तेही कळते. पण परदेशी विकली गेलेली गाडी या यादीतून गळते, ती मेलेली नसते. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण त्या रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाहीत. २०२३ च्या जानेवारीत बडोद्याला लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अशा मेळ्यांना कितीतरी गाड्या ट्रकमधून येतात आणि ट्रकमधूनच परत जातात. आणि नुसते उभे राहणे गाडीला मानवत नाही. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, रबरी नळ्यांना चिरा पडतात, टाकीतल्या पेट्रोलचा डिंक होतो. मॅकलॅरेन एफ-१ ची पेट्रोलची पिशवी तर गाडी चालवा वा न चालवा, दर पाच वर्षांनी बदलावी लागते. जीटीओच्या मालकांचे या बाबतीत आम्हाला कौतुक वाटते. ते एकत्र जमून गाड्या खरोखर रस्त्यावर काढतात. २०१२ मध्ये पन्नाशीच्या निमित्ताने फ्रान्समध्ये फेरी निघाली होती, तेव्हा एका जीटीओला अपघातही झाला.

कारखाना बंद पडला तर गाड्या मरतात असे वाटेल. डिलोरियनने ते खोटे ठरवले. उत्तर आयर्लंडमध्ये १९८१-८२ मध्ये सुमारे ९,००० डिलोरियन बनल्या आणि कंपनी बुडाली. पत्र्याचे काही साचे तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर मत्स्यपालनाच्या जाळ्यांना वजन म्हणून समुद्रात टाकले गेले. तरीही साडेसहा हजारांच्या आसपास गाड्या उरल्याचा अंदाज वर्तवला जातो. याची तीन कारणे दिसतात. अंग स्टेनलेस स्टीलचे, म्हणजे गंज नाही. न वापरलेल्या सुट्या भागांचा प्रचंड साठा शिल्लक राहिला, जो पुढे टेक्सासमधल्या एका व्यावसायिकाने घेऊन सांभाळला. आणि १९८५ मध्ये 'बॅक टू द फ्युचर' या चित्रपटात हीच गाडी कालयंत्र म्हणून झळकली. नेमके मध्यम वयात पाऊल टाकताना तिला चाहते मिळाले.

चाहत्यांचा असा उपयोग आपल्या ओळखीच्या एका गाडीलाही झाला. सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. किल्ली दिली मायकेल शूमाकरने. तिच्या आयात करमाफीवरून देशात गदारोळ झाला तो पालकांना आठवत असेल. २०११ मध्ये ती सुरतेच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली आणि २०१२ च्या 'फेरारी की सवारी' या चित्रपटात तीच गाडी दिसली. ३६० मोडेना ही काही छत्तीसांतली नव्हे, हजारोंनी बनलेली गाडी. तिच्या बहिणी आज त्याच घसरणीच्या वयातून जात आहेत. हिला सचिनचे नाव आहे, त्यांना नाही.

पुढचे गणित मात्र बदलणार आहे. पत्रा ठोकणारे मिस्त्री जगात अजून आहेत, लोखंडाचा कोणताही भाग नव्याने घडवता येतो. संगणकाचे तसे नाही. एफ-१ तपासायला मॅकलॅरेनचे मेकॅनिक नव्वदच्या दशकातला कॉम्पॅकचा जुना लॅपटॉप कित्येक वर्षे जपून वापरत होते, कारण गाडीशी 'बोलणारी' आज्ञावली त्यावरच चाले. २०१३ नंतर मॅकलॅरेन पी-१ च्या ३७५, पोर्शे ९१८ च्या ९१८ आणि फेरारी लाफेरारीच्या ५०० बंद छताच्या गाड्या बनल्या. तिघींतही पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि मोठी बॅटरी आहे. बॅटरी न चालवताही म्हातारी होते आणि ती बदलण्याचा खर्च एखाद्या नव्या चांगल्या मोटारीएवढा येऊ शकतो. तिघींची बेरीज १,७९३. आज आठवीत असलेल्यांनी हा आकडा वहीत लिहून ठेवावा आणि २०४५ मध्ये किती उरल्या ते मोजावे. मोजताना एकाच वर्षाच्या गाड्या घ्याव्यात, आणि ट्रकमधून आलेल्या वेगळ्या रकान्यात लिहाव्यात.